एकतीस ते चौतीस मीटर

प्रिय जब्बार,

अक्षर ओळखून हे पत्र तू न फोडताच चुलीत घालशील, अशी भीती होती. म्हणून पाकिटावरचा पत्ता तुझ्या नईमाकडूनच लिहून घेतला. गेल्या आठवड्यात शहाद्याच्या स्टँडवर भेटली ती. मी मान वळवून पुढे निघालो होतो, तर तिनेच हाक मारली, काका म्हणाली, तब्येत विचारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खांडबाऱ्याच्या शाळेत शिकवते आणि तू तिथेच स्टेशनजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतोस, हे तेव्हा कळलं. बोअरमध्ये मोटार कुठे अडकली ते अब्बा नुसता पाइपाला हात लावून सांगतात, असं ती कौतुकाने सांगत होती. हे ती मला सांगत होती, जब्बार. मी हसून मान डोलावली, एका पाकिटावर तुझा पत्ता तेवढा लिहून घेतला आणि खापरची गाडी लागल्याचं निमित्त करून सटकलो.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो, पण आपला बोगदा काही निवृत्त व्हायला तयार नाही. कंत्राटदाराचा दावा नऊ वर्षांपासून लवादापुढे आहे. असले दावे कंत्राटदाराच्या हावरेपणातून निघतात असं लोक समजतात. हावरेपणा असतो, नाही कशाला म्हणू. पण आपल्या खात्यात जलविद्युतच्या कामावर तीस वर्षं काढल्यावर मला दिसलं ते वेगळं. जमीन ताब्यात नसताना काम सुरू करायचा आदेश निघतो. नकाशे मेअखेर हातात पडतात आणि जूनमध्ये नाल्याचा पूर अर्धा बांध घेऊन जातो. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे कागदावर खडक एक असतो आणि डोंगरात दुसराच. आपलं तेच झालं. कागदावर अखंड काळा पाषाण आणि आत चुरा, पाणी, चिखल. बोगद्याचं छत खाली बसलं तेव्हा जेवणाची सुट्टी होती म्हणून माणसं वाचली. काम चौदा महिने बंद पडलं. कंत्राटदार म्हणाला, तुम्ही खडक खोटा सांगितलात. खातं म्हणालं, आधी घेतलेल्या बोअरमधल्या खडकाची पेटी ड्रिलरने चुकीची भरली. तो ड्रिलर तू. त्यानंतर तुला कुणी मशीनला हात लावू दिला नाही.

आणि तुझ्यासारखा ड्रिलर मी पुन्हा पाहिला नाही. हे तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू शाळेत माझ्या बाकावर बसायचास, आणि बाकावरच्या माणसाचं कौतुक करायची आपल्याकडे रीत नाही. लोकांसमोर मला साहेब म्हणायचास, ते गेले की लगेच नव्या. रॉडवर तळहात ठेवून तू सांगायचास की आता खडक बदलणार, आणि दोन वितीत बदलायचा. मशीनमध्ये सोडलेलं पाणी वर यायचं थांबलं की चहा सोडून धावायचास. पाणी पळालं म्हणजे खाली भेग आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुझ्या मात्र ते अंगात होतं.

खालून निघालेल्या खडकाच्या गोल कांड्या तू एकेक धुऊन, डावीकडून उजवीकडे पेटीत मांडायचास, जशा निघाल्या तशाच. जिथे काहीच हाती लागायचं नाही, तिथे तेवढी जागा सोडून सागाचा ठोकळा ठेवायचास आणि त्यावर लाल रंगाने मीटर लिहायचास. रिकामे खण बरे दिसत नाहीत, असं मी एकदा म्हणालो होतो. तू तोंड वर न करता म्हणालास, "नव्या, जठे काही निंघनं नई, तठे रिकामी जागाच दखाडनी पडस." इतक्या वर्षांत प्रामाणिकपणावर पुष्कळ भाषणं ऐकली, ह्या वाक्याच्या पुढे कुणी गेलं नाही.

तिसरं बोअर तुला आठवत असेलच. एकतीस ते चौतीस मीटर. तीन मीटर काहीच आलं नाही, पाणीही पळालं. तू ठोकळा ठेवलास, तुझ्या वहीत नोंद केलीस आणि दुसऱ्या दिवशी मशीनचा पट्टा आणायला खापरला गेलास. त्याच दिवशी वरचे साहेब पाहणीला आले. मार्चअखेर आठ दिवसांवर होती. कांड्या कमी निघाल्या की बोअर पुन्हा घ्यावं लागतं, म्हणजे निविदा पुढच्या वर्षावर. साहेब मला तसं काही कर म्हणाले नाहीत. नुसतं पेटीकडे बघून ‘च्‌’ केलं आणि जेवायला गेले. मला तेवढंही पुरलं. मी पहिल्या बोअरच्या पेटीतल्या चांगल्या कांड्या काढल्या, ठोकळा उचलला आणि तीन मीटर भरून टाकले. फोटो निघाला, पेटीला झाकण ठोकलं. तू पट्टा घेऊन आलास तेव्हा मी तुला चहा पाजला.

पुढे चौकशीत तू एकच वाक्य धरून बसलास, "मी तठे ठोकळा ठेयेल व्हता." तुझी वही कुणी मागितली नाही. समोर फोटो होता, त्यात ठोकळा नव्हता. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तू माझ्याकडे. मी फाइलची पानं चाळत बसलो. पेटी चुकीची भरली हे खात्याचं उत्तरही माझ्याच हातचं आहे. तू एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. तुला सगळं कळलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. मित्र म्हणून गप्प राहिलास की माझी लाज वाटून, ते मला आजही ठाऊक नाही.

स्टँडवरून घरी आलो आणि तुझ्या प्रमिलावहिनीला सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं आणि एवढंच विचारलं, "इतला दिन गप का बसनात?" काल लवादाला लेखी जबाब दिला, घडलं तसं, माझ्या सहीने. पेन्शनवर गदा येईल असं वकील म्हणतो. येऊ दे. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती पत्रात मागायची गोष्ट नाही, आणि द्यायची की नाही ते तुझं तू बघ. येत्या गुरुवारी सकाळी अकराला लवादाची मंडळी साइटवरच्या गोदामात तिसऱ्या बोअरची पेटी उघडणार आहेत. तुझी वही असेल तर घेऊन ये. सोबतच्या पुडक्यात तुझा सागाचा ठोकळा आहे. माझ्या तीन बदल्या झाल्या, तो टेबलाच्या खणात माझ्याबरोबर फिरला. टाकवला नाही. लाल अक्षर थोडं उडालंय, पण वाचता येतं. त्या कांड्या मी घातल्या होत्या, त्या सगळ्यांदेखत मीच बाहेर काढीन. ठोकळा मात्र तू ठेव, त्याच्या जागेवर.

तुझाच, बाकावरचा
नव्या