नशवाची तपासणी आणि माझा बंदोबस्त

४ फेब्रुवारी
डॉ. इनासकडे गेलो. बायकोला, नशवाला, पाचवा महिना लागलाय. मागचं पोर सहाव्यात गेलं, म्हणून बाई म्हणाल्या, आतून सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजू. आखूड होत असेल तर औषध आहे, पोर पोटात जास्त टिकतं. साफ नाही म्हणालो. दुमियातमध्ये फर्निचर विकणाऱ्याला कुणी मोजमाप शिकवू नये. कापायचंच नाही ते मोजायचं कशाला?

मागचं पोर अफकारवहिनीच्या नजरेने गेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा या वेळी बंदोबस्त. नजर उतरवायला घरात रोज धूप. दवाखाना बंद. कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर मुलगी आहे म्हणायचं, म्हणजे नजर ढिली पडते.

९ फेब्रुवारी
नशवा रडली. म्हणाली, अहो, पाच मिनिटांची तपासणी, तुमचं काय जातं? मी समजावलं, की मशीन आत गेलं की पोर बिचकतं. हे कुठे वाचलंत, असं विचारते! वाचायला कशाला हवं, कॉमन सेन्स आहे. मग डोळे पुसून बहिणीला फोन लावायला गेली. पटलं असावं.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
दवाखाना बंद म्हणजे बंद. पण पोटातल्या पोराचा चेहरा दाखवणारं फोर-डी सेंटर म्हणजे दवाखाना नव्हे, फोटो स्टुडिओच; नशवाला घेऊन गेलो. मुलगा! नाक थेट माझं. मशीनवाल्याला विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाला, चेहरा फर्स्ट क्लास, बाकीचं डॉक्टरांना विचारा. म्हणजे ठीकच.

२० फेब्रुवारी
फोटो फक्त बयूमी सुताराला दाखवला. आणि पॉलिशवाल्याला. आणि कॉफीवाल्याला, तो समोरच उभा होता. दुपारपर्यंत अख्खा बाजार मला अबू मुराद, म्हणजे मुरादचा बाप, म्हणू लागला; नाव मी आधीच ठरवलंय. सगळ्यांना बजावलं, की बाहेर मुलगी म्हणूनच सांगा. गाढवं हसली.

संध्याकाळी अफकारवहिनीचा फोन. भावजी, मुलगी म्हणे! मिशा तुमच्यासारख्याच येणार का हो तिला? देवा, या बाईची जीभ! धूप वाढवला पाहिजे.

१० मार्च
नशवा हल्ली शांत, चेहऱ्यावर तेज. बहिणीकडे, रबाबकडे, वरचेवर जाते. जाऊ दे. धुपाचा गुण दिसतोय. नवरा खंबीर असला की बायकोला त्रास होत नाही.

१६ मार्च
घात! फ्रिजमध्ये चीजच्या डब्यामागे गोळ्या. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाली. रबाबबरोबर चोरून डॉ. इनासकडे जाऊन आली. तपासणीत पिशवीचं तोंड आखूड निघालं म्हणे. रोज रात्री या गोळ्या आत ठेवायच्या, म्हणजे पोर थांबतं म्हणे. मी विचारलं, आता सगळं ठीक आहे ना? म्हणाली, हो, गोळ्यांमुळेच. घ्या! ठीक आहे तर गोळ्या कशाला?

पाकीट नाईलमध्ये भिरकावलं. रबाबला घरबंदी. पुन्हा दवाखान्याची पायरी चढलीस तर तलाक, अशी शपथच घातली. नशवाने माझे पाय धरले. मी विरघळलो नाही. घरात एकाने तरी डोकं शांत ठेवावं लागतं.

२८ मार्च
नशवाची कंबर दुखते, ओटीपोटावर दाब येतो. बायकांना पडून राहायला निमित्त हवं असतं. दालचिनीचा चहा करून दिला, स्वतःच्या हाताने. आभार नाहीत.

३ एप्रिल, सकाळ
नशवाचं पाणी गेलं. हॉस्पिटलमध्ये आलोय. सहावा अजून पुरा नाही. डॉ. इनासनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद? मी म्हटलं, कसल्या गोळ्या? नशवाने माझ्याकडे पाहिलं. कळांमुळे असेल.

नर्स धावत बाहेर आली. मुलगा आहे, जिवंत आहे, पण फारच लहान, लगेच आत या म्हणाली. मुलगा! जिवंत! रिकाम्या हाताने कसं जायचं? आधी मिठाई.

३ एप्रिल, दुपार
दुकानात गर्दी होती. मुशब्बकचे डबे घेऊन आलो, अख्ख्या मजल्याला वाटत वाटत आत पोचलो. रिकामी काचेची पेटी पुसत होते. नर्स म्हणाली, अहो, तुम्हाला किती शोधलं. नशवाला खुर्चीवरून आणलं होतं. पोराने तिचं बोट धरलं होतं, शेवटपर्यंत.

डॉ. इनास म्हणाल्या, गोळ्या चालू असत्या तर कदाचित थांबला असता. कदाचित. म्हणजे बाईंची स्वतःचीच खात्री नाही.

नशवा भिंतीकडे तोंड करून पडलीय. मी म्हटलं, पुढच्या वेळी आपण... ती रबाबला म्हणाली, याला बाहेर काढ. याला, म्हणाली.

बाहेर बाकावर बसलो. छातीत काहीतरी दुखतंय, उपाशीपोटी धावपळ झाली. शेजारची म्हातारी म्हणाली, मुबारक हो लेकरा, बाळ कसं आहे? मी म्हटलं, झोपलंय. तिने भरभरून दुआ दिली आणि थोडी मिठाई मागितली. डब्यात एक तुकडा उरला होता, तो दिला.