उतारावरची चरी

बाबा, काल मी तुमच्यासारखीच ओरडले. हल्ली रविवारी वर्ध्याहून पोरं येतात, जाड टायरच्या सायकली घेऊन, आर्वीकडच्या आपल्या जंगलात. नाल्याच्या उतारावर एकानं ब्रेक दाबून मागचं चाक घसरवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "काऊन रे, वाट उकरून राह्यला?"

तुम्ही वनरक्षक, पण त्या वाटेचे असे लाड करायचात की आई म्हणे, "अवं माय, ह्यायले पोरीपेक्षा वाट लाडकी!" चढण कितीही खडी असो, त्या काळ्या जडशीळ सायकलवरून तुम्ही पाय टेकायचा नाहीत. उतारावर मात्र उतरून चालायचात. "चाक घसरलं का चरी पडते, अन् पाणी मंग तिथूनच वाट खाते." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पंचाहत्तरच्या सुमारास मी आठवीत गेले तेव्हा तुम्ही मला जुनी लेडीज सायकल आणून दिलीत. शाळा आर्वीला, आपल्या वस्तीवर एसटी यायची नाही. सायकल होती म्हणून शाळा होती. आणि मी काय करावं? रोज उतारावर ब्रेक आवळून सुसाट घसरत जायची. काय मजा यायची, बाबा! श्रावणापर्यंत तिथे गुडघाभर चरी पडली.

तुम्ही दोष दिलात शेजारच्या बैलबंडीवाल्या काकांना. "तुह्या बंडीनं वाट फाडली. उद्यापासून इकडून यायचं नाई." काका शपथा घेतायत, मी बाजूला दप्तर धरून उभी. सायकल गेली तर शाळा गेली, एवढंच डोक्यात. मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या सकाळी पाहते तर माझ्या सायकलला ब्रेकचे नवे रबर. जुने, झिजून पार सपाट झालेले, ओसरीवर ठेवलेले. उतारावर तुम्ही आणि काका चरीत दगड भरताय. "माहीच चूक झाली, भाऊ," तुम्ही म्हणत होतात, खाकी कपड्यांत, हात जोडून. मला एवढंच म्हणालात, "उतारावर उतरजो, बाई. जाय, शाळेले उशीर होऊन राह्यला."

त्यानंतर मी रोज उतरले. शिकले, मास्तरीण झाले, खरं बोला म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडले. सायकल जाण्याची भीती केव्हाच संपली होती. काका गेल्या वर्षापर्यंत होते, दोन घरं सोडून. भेटले की म्हणायचे, "तुहा बाप देवमाणूस होता पोरी, सोताची चूक झाली तर हात जोडे." आणि मी मान हलवायची. हे पत्र खरं तर ते असताना लिहून त्यांच्याकडे न्यायला हवं होतं, बाबा. चरी माझी होती, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.