पंडुमाआधीचा आंबा

पुसेरटोला, ता. धानोरा
१२ एप्रिल २०२५

ती. सौ. साधनाताईस,
सा. न. वि. वि.

इथे रेंज फक्त टेकडीवर मिळते, आणि टेकडीवर उभे राहून भांडणाची हकिकत सांगता येत नाही. म्हणून चिठ्ठी लिहून कुरखेड्याच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. भाऊजींना नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे ते कळव.

कैरीच्या फोडी वाळवण्याचा आमचा कारखाना, म्हणजे माझी भागीदार दिव्या हिच्या घरामागची पत्र्याची खोली, सुरू व्हायच्या आधीच बंद पडला आहे. नव्या उद्योजकांचे प्रशिक्षण संपल्यावर नागपूरच्या संस्थेने आम्हा दोघींना वाळवणयंत्र हंगामापुरते दिले. अट एकच. एप्रिल संपायच्या आत मसालेवाल्या गिऱ्हाइकाकडे नमुना पोचला पाहिजे. नाही पोचला तर यंत्र दुसऱ्या गटाला जाईल.

मागच्या आठवड्यात गोटुलात, जिथे गाव बैठकीला बसते तिथे, मी कामाला येणाऱ्या बायकांची बैठक घेतली. कामाची वेळ, हात धुण्याची पद्धत, डोक्याला टोप्या, कोणी तोडायचे, कोणी कापायचे, सगळे सांगितले. सोमवारी सुरुवात, म्हटले. कोणाची हरकत आहे का, हेही विचारले. सगळ्या गप्प होत्या. त्यांच्यात वडीलधाऱ्या असलेल्या बुधरीबाई जमिनीकडे पाहत होत्या. मी तो होकार धरला.

सोमवारी कोणी आले नाही. दिव्या आली, पण बाहेर बसून राहिली. पंडुम व्हायचा आहे, म्हणाली. गावदेवाला नवा आंबा वाहिल्याशिवाय इथे कोणी आंबा तोडत नाही, कापत नाही. हे मला माहीत होते. मागच्या वर्षी पंडुम झाला ती तारीख धरूनच मी सोमवार ठरवला होता. पण पूजा करणारे डोमाबुवा या वर्षी अंथरुणावर आहेत. ते उभे राहतील तेव्हा पंडुम. मग बैठकीत का सांगितले नाही, असे मी विचारले. दिव्या म्हणाली, सांगतलं नं सगळ्यांनी. कोनी हो म्हनलं का तुले?

प्रशिक्षणात आमची स्वभावचाचणी झाली होती. मी 'निर्णय घेणारी' निघाले आणि दिव्या 'सांभाळून घेणारी'. जोडी उत्तम आहे, असे सर म्हणाले होते.

आता काम सांगते. कुरखेड्याच्या बाजारातून कैऱ्या घेऊन टेम्पोने पाठव. त्या या गावच्या झाडांच्या नसतील, म्हणजे इथला नियम त्यांना लागू होत नाही. कापायला तिकडच्याच दोन बायका मिळाल्या तर पाहा. दिव्याला अजून काही बोललेले नाही.

चिडलेली आहे, पण तुझ्यावर नाही. तेव्हा तुझ्याकडून माया नेहमीइतकीच असावी.

तुझी,
रोशनी

कुरखेडा
१६ एप्रिल २०२५

चि. रोशनीस,
अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी भेटली. बाबा म्हणे, पोरगी रागच घडी करून पाठवून राह्यली. त्याईचा गुडघा बरा आहे, पन तळ्यात उतरू नका म्हटलं तं ऐकत नाई. जाळं काही एकट्यानं ओढल्या जात नाई, म्हणते. आई विचारते, पोटभर जेवतेस का, का तिथंही घड्याळ लावून जेवून राह्यली.

तू काऊन इतकी तापली? माझ्या लग्नात आठवते का? कोनी भात वाढाचा अन् कोनी वरन, हे समजावाले तू वाढनाऱ्या पोराईले रांगेत उभं केलं, तवर पंगतीतला भात थंडा झाला. माझ्या सासरचे अजून त्याच्यावर हसते. तुले वाटते सांगून झालं म्हंजे काम झालं.

कैऱ्या घेतल्या आहेत. ह्याईनं टेम्पोही सांगून ठेवला. पन तो मी सोडत नाई. तू दिव्याच्या घरी राह्यतेस, तिच्या मायच्या हातचं जेवतेस, अन् तिले न विचारता तिच्याच घरामागं आंबा उतरवाचा, हे मले पटत नाई. पयले तिले तोंडावर विचार. विचारतेस तं खरंच विचार, नाई तं तुझी सवय मले माहीत आहे, उत्तर खिशात ठेवून विचारतेस. ती हो म्हनली तं कळव, त्याच दिवशी टेम्पो निघन.

राग आला असन तं इकडे ये, भांडून घे, अन् मंग बाबाच्या जाळ्यातल्या वाळल्या सुरमटाची चटणी खाऊन जाय. तुझ्यावरचा जीव काही कमी होत नाई, एवढं ध्यानात ठेवजो.

तुझी ताई,
साधना

पुसेरटोला
२१ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारले. सोपे नव्हते. त्या सोमवारपासून दिव्या मला ताट वाढते, पाणी ठेवते आणि निघून जाते. तिची आई माझ्याबद्दल बोलायचे झाले की गोंडीत बोलते, मला कळू नये म्हणून. माझे नाव मात्र गोंडीतही रोशनीच राहते.

मी दिव्याला समजावून सांगितले. कैऱ्या बाहेरच्या, कापणारे हात बाहेरचे, गावाचा कुठलाच नियम मोडत नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, आन कैऱ्या. यंत्र दोघीच्या नावावर आहे, मी अडवू शकत नाई. पन डोमाबुवा खाटेवर पडून, अन् त्याच्या दारापर्यंत कापल्या आंब्याचा वास, हे घेऊन मले जन्मभर या गावात राहा लागन. तू तं नागपूरले निघून जाशीन. अन् असंच कराचं असन तं तू मालकीन होऊन जाय, मी मजूर होते. मजुराले इचारा लागत नाई, तुलेही सोपं.

माझे उत्तर तयार होते. ते या प्रश्नाचे नव्हते.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी 'गावाच्या पद्धती सांभाळून उद्योग' हे वाक्य पडद्यावर मीच दाखवले होते. त्याला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दिव्या होती.

ताई, यंत्र गेले तर काय होईल हे मला नीट दिसते. एखाद्या मसाल्याच्या कारखान्यात पाळीवर तपासनीस म्हणून उभे राहायचे आणि दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टींवर शिक्के मारायचे. म्हणून मी इतके दिवस तारखेला धरून बसले. पण दिव्या 'मालकीण हो' म्हणाली तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, हलके वाटले. कोणाला विचारायचे नाही, कोणाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा नाही. चाचणीत हे कुठे आले नव्हते. कोणाला सांगू नकोस. बाबांना तर नाहीच.

टेम्पो सोडू नकोस, मोडूही नकोस. उद्या टेकडीवर जाऊन संस्थेच्या सरांना फोन करते. काय बोलणार ते ठरलेले नाही.

या वेळी आशीर्वाद थोडे जास्त पाठव, उरले तर परत करीन.

तुझी,
रोशनी

पुसेरटोला
८ मे २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींनी टेम्पो रद्द केला आणि आईने त्या कैऱ्यांचे लोणचे घातले, हे निरोपातून कळले. एक बरणी माझी.

सरांना फोन केला. टेकडीवर चढताना दिव्याला सोबत चल म्हटले. ती आली. फोन मी स्पीकरवर ठेवला. तारीख मी एकटीने ठरवली होती, गाव पंडुमाशिवाय आंबा कापणार नाही, आणि बाहेरच्या कैऱ्यांचा नमुना आम्ही देणार नाही, असे सांगितले. मुदत मागितली. सर सभ्य आहेत. दुसरा गट थांबला आहे, म्हणाले, यंत्र ठेवता येणार नाही. उतरताना अर्ध्या वाटेत दिव्याने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, प्यायली आणि स्वतःजवळच ठेवली.

बायकांना गोटुलात सांगितले की यंत्र जाणार. कोणी रागावले नाही. बुधरीबाईंनी एवढेच विचारले, मंग त्या टोप्याही वापस नेतात का? टोप्यांचा त्यांना फार राग होता. सगळ्या हसल्या. मी नियमाप्रमाणे टोप्या राहतील असे सांगितले, तेव्हा आणखी हसल्या.

परवा पंडुम झाला. डोमाबुवांना दोघांनी धरून आणले. देवाला आंबा वाहिला आणि सगळ्यांना फोड मिळाली, मलाही. फार आंबट होती.

काल सकाळी यंत्र न्यायला गाडी आली. बरोबर फक्त ड्रायव्हर. यंत्र उचलायला माणसे लागतात, हे संस्थेच्या लक्षात आले नव्हते. मी कोणाला बोलावले नाही. बोलावण्याचा मला अधिकार उरला नव्हता. तरी गाडीचा आवाज ऐकून बायका आल्या. सवयीने मी कोणी कोणत्या कोपऱ्याला उभे राहायचे ते सांगू लागले. तोवर सगळ्या वाकल्या होत्या आणि रिकामा राहिलेला कोपरा माझा होता. पलीकडून दिव्या ओरडली की पाय काढ आधी, येडे, बोटं जातील. बुधरीबाईंनी गोंडीत काहीतरी हाक दिली. मला शब्द कळला नाही. पण शेजारणीचा दंड ताणलेला दिसला तेव्हा मीही उचलले. यंत्र एका दमात गाडीत चढले, कुठे साधा ओरखडा नाही.

आमच्या गटाने एकत्र केलेले हे पहिले काम. ज्यासाठी जमलो तेच गाडीत चढवून दिले.

मसालेवाल्याला यंत्राऐवजी उन्हात वाळवलेल्या फोडी चालतील की नाही, माहीत नाही. रंग काळवंडतो, हे मी सगळ्यांना सांगितले आहे. त्यावर आज बसायचे आहे, बुधरीबाईंनी बोलावले आहे. मी काय बोलणार ते ठरवलेले नाही.

गाडी वळणाआड गेली तेव्हा सगळ्या जिथे होत्या तिथेच सावलीला टेकल्या. मी उभी होते. दिव्याने माझ्याकडे न बघता थोडे सरकून घेतले, आणि मी बसले.

आई-बाबांना नमस्कार. माया आहे ती राहू दे, दोघींवर.

तुझी,
रोशनी