चारशे बारा लेखांचा नवा पत्ता

आंजी (मोठी), जि. वर्धा
२ फेब्रुवारी २०२५

चि. मेघास,
मोठ्या बाबाचा सप्रेम जयभीम, आणि पुण्याच्या थंडीत कान झाकून फिरजो हा आशीर्वाद.

पाकीट पाहून घाबरू नको. मी अन् तुझी मोठी आई दोघंही ठणठणीत आहोत. फोनवर मले ऐकू येत नाई हे तुले माहीत हाये. चाळीस वर्षं पंपदुरुस्तीच्या दुकानात मोटारींच्या आवाजात काढली, त्यात कान गेले. ब्लॉग कम्प्युटरवर लिहितो, पण घरच्या माणसाले पेननंच लिहावं वाटते.

काम असं हाये. माझा ब्लॉग, 'मोटारीचं पोट', ज्या कंपनीच्या साइटवर हाये ती कंपनी एकतीस मार्चले बंद होऊन राह्यली. तशी नोटीस आली. तेरा वर्षांत मी चारशे बारा लेख लिहिले. जळलेली मोटार कशी उघडावी, तार किती जाड घ्यावी, बेअरिंग काऊन ओरडते. सोळाशे लोक वाचतात. ते सगळं पुसून जाईन म्हणते. तू इंजिनियर. काही करता येते काय?

मोठी आई म्हणे, बरं झालं, आता तरी माणूस वेळेवर जेवायले बसन. तिचं मनावर घेऊ नको.

माया हायेच, ती पातळ होऊ देऊ नको.
तुझा मोठा बाबा,
प्रेमदास


पुणे
८ फेब्रुवारी २०२५

ती. मोठे बाबा यांना,
पुतणीचा सप्रेम जयभीम. कान झाकले आहेत.

तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्ही इथे सहा जण मोठमोठ्या कंपन्यांच्या साइट हलवतो, पण पोस्टाच्या पाकिटातून आलेलं हे पहिलंच काम. माझी मैत्रीण विचारते, फी म्हणून कांद्याची चटणी मिळेल का. मी मोठ्या आईच्या वतीनं हो म्हटलंय.

काम अवघड नाही. लेख, चित्रं, वाचकांची यादी, सगळं उचलून नव्या साइटवर ठेवते. फक्त लेखांखालच्या वाचकांच्या टिप्पण्या येणार नाहीत. जुनी कंपनी त्या देत नाही. सात हजार आहेत, पण त्यांत निम्म्या 'छान माहिती' अशाच आहेत, तेव्हा फार नुकसान नाही.

तुमचं आणि मोठ्या आईचं लक्ष माझ्यावर असंच राहो.
मेघा


आंजी (मोठी)
१३ फेब्रुवारी २०२५

चि. मेघास जयभीम.

टिप्पण्या येत नसतील तर राहू दे. लेखही राहू दे इथंच, जातील कंपनीसंगं.

रागानं नाई लिहीत, समजून घे. बस स्टँडवर चार माणसं बोलतात, मी नुसता तोंडं पाहतो. लग्नात जातो, जेवतो, येतो. माझ्याशी कोणी बोलत असन तर ते त्या लेखांखाली. देवळीचे एक वासुदेवराव आहेत, कापसाचे शेतकरी, जळलेल्या मोटारीत नवी तार घरीच भरतात. अकरा वर्षांपासून माझ्याशी भांडून राह्यले. मी म्हणतो, मोटार नव्यानं भरताना तारेचे वेढे कंपनीनं दिले तेवढेच द्यावे. ते म्हणतात, आमच्याकडं व्होल्टेज कमी, वेढे कमी करून तार जाड घ्यावी. मी म्हणतो जळन, ते म्हणतात नाई जळत. रोज सकाळी चहाआधी त्यांचं काय आलं ते पाहतो. आम्ही एकमेकाले कधी पाह्यलं नाई. हे भांडण पुसलं तर मी कोणाशी बोलू?

'छान माहिती' वाले नाई आले तरी चालन.

लोभ कमी नाई झाला, फक्त अडून बसलाय.
प्रेमदास


पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मोठे बाबा,
सप्रेम जयभीम आणि माफी.

मला हे कळायला हवं होतं. आठ दिवस बसून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो जुन्या साइटचं एकेक पान उघडतो आणि टिप्पण्या उतरवून घेतो. सातच्या सात हजार आल्या. 'छान माहिती'सुद्धा ठेवल्यात, आता मला कोणालाच टाकवत नाही. वासुदेवरावांच्या एकट्यांच्या नऊशे चाळीस आहेत. मी वाचत बसले आणि दोनदा बसमधून चुकीच्या स्टॉपवर उतरले. तुम्ही दोघं किती नम्रपणे एकमेकांना मूर्ख म्हणता.

शनिवारी, एक मार्चला, बटण दाबते. पहिल्या पानावर तुमचा तो कृष्णधवल फोटो लावलाय आणि खाली ओळ लिहिलीय: 'प्रेमदास यांनी आयुष्यभर मोटारी दुरुस्त केल्या. त्यांचं सारं लेखन त्यांच्या पुतणीनं इथे जतन केलं आहे.' मला फार आवडली.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नका, शनिवारी तर नकोच.
मेघा


आंजी (मोठी)
३ मार्च २०२५

चि. मेघा पोरी,
जयभीम. मोठी आई लिहून राह्यली. फोन दोनदा लावला, दोनदा हासू आलं अन् ठेवून देला. म्हणून कागद घेतला.

तुह्या बटणानं काय केलं ते ऐक. शनिवारी सोळाशे लोकाइले एकेकाले चारशे बारा ईमेल गेले म्हणते. सकायपासून लोकाइचे मोबाइल टिंग टिंग. जो उघडे त्याले तो काळापांढरा फोटो दिसे, अन् खाली तुही ओळ. मेलेल्या माणसाच्या फोटोखाली लिहितात तशी. लोकाइनं तुह्या मोठ्या बाबाले फोन केले, यायले ऐकू येत नाई, फोन कोणी उचलला नाई. मंग तं लोकाइची खातरीच पटली.

काल रविवारी दहा वाजता दारात एक म्हातारे बाबा उभे. पांढरा सदरा, हातात पांढऱ्या फुलाइचा हार. देवळीवरून दोन बसा बदलून आले. हात जोडून मले म्हणे, बाई, कसं झालं हो. मले वाटलं शेजारचे रूपराव दुरुस्तीले पंप देऊन गेले, त्याचंच इचारतात. मी म्हटलं, दोन दिवस घरघर करे, मंग बंद पडला, आतून पुरा जळलता. त्याइनं डोळे पुसले. मी म्हटलं, अंगणात उघडा करून ठेवला हाये, पाहा ना. ते म्हणे, नाई, माह्याच्यानं नाई पाहवत. मी म्हटलं, काऊन, दोन दिवसात चालू होते, तुमचाच हाये काय.

पोरी, त्याइचं तोंड मी जलमभर इसरणार नाई.

तेवढ्यात हे ग्रीस भरल्या हातानं अंगणातून आत आले. म्हाताऱ्याच्या हातातला हार पडला. यायले काही समजेना. मंग त्याइनं भिंतीवरचं क्यालेंडर काढलं, मागं लिहिलं, वासुदेव, देवळी. याइनं वाचलं अन् तसेच ग्रीसचे हात घेऊन गळ्यात पडले. पांढऱ्या सदऱ्याचा पार सत्यानाश. दोघंही लेकरासारखे रडले, अन् पाच मिन्टानं वेढ्याइवरून क्यालेंडरावर भांडाले लागले. आता मार्च ते डिसेंबर जागा नाई उरली.

चटणी कुटून ठेवली हाये. घरी येजो, माया भेटून वाढते.
सुलोचना


पुणे
८ मार्च २०२५

ती. मोठे बाबा आणि मोठी आई,
लाज आणि हसू आवरून सप्रेम जयभीम.

लेख साइटवर चढला की वाचकांना ईमेल जावा अशी एक खूण असते, ती काढायची राहिली. सोळाशे जणांना माफीचा ईमेल पाठवला, या वेळी एकच. फोटोही बदलला. आता तुम्ही रंगीत आहात आणि हसताय.

एक गोष्ट विचारायची आहे. नव्या साइटवर त्याच शनिवारी पहिली टिप्पणी आली ती वासुदेवरावांची: 'वेढ्यांच्या बाबतीत तुमचंच बरोबर होतं. जिवंतपणी कबूल केलं नाही याचं दुःख आहे.' काल त्यांचा ईमेल आला, प्रेमदास जिवंत असल्यामुळे ती टिप्पणी आता लागू नाही, कृपया काढून टाकावी. काढू का?

रागावला असाल तरी पत्र पाठवत राहा.
मेघा


आंजी (मोठी)
१७ मार्च २०२५

चि. मेघास,
जिवंत मोठ्या बाबाचा जयभीम.

तुझं पत्र वाचून पहिले ठरवलं की टिप्पणी अजिबात काढायची नाई, उलट मोठ्या अक्षरात ठेवायची. तीन दिवस मी गावभर ते पत्र दाखवत फिरलो. मोठ्या आईनं शेवटी ते लपवून ठेवलं.

पण मनात आलं, त्यांनी मी मेलो म्हणून मान्य केलं, मोटार पाहून नाई. म्हणून शनिवारी मीटर घेऊन देवळीले गेलतो. त्यांचं शेत विजेच्या लाइनीच्या पार शेवटच्या टोकाले. मीटर लावला. चारशे पंधरा पाह्यजे तिथं तीनशे दहा व्होल्ट. पुन्हा लावला, तेवढंच. त्यांनी कमी वेढ्यांची मोटार चालू केली. मले आवाज येत नाई, म्हणून पंपाच्या स्टार्टरवरची सुई पाह्यली अन् पाइपावर हात ठेवला. धार मनगटाएवढी, विजेचा भार बरोबर जेवढा पाह्यजे तेवढा. कंपनीच्या वेढ्यांची मोटार त्या शेतात महिनाभरही टिकली नसती. अकरा वर्षं मी आंजीच्या व्होल्टेजवर देवळीची मोटार तपासून राह्यलो होतो.

कागद कोणाजवळच नव्हता. वासुदेवराव पाटाच्या काठाशी उकिडवे बसले अन् ओल्या मातीत बोटानं लिहिलं, आता तरी मान. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मले अरेतुरे केलं. मी शेजारी बसलो अन् खाली लिहिलं, मानलं. मंग आम्ही हासत राह्यलो, अन् तेवढ्यात पाटातलं पाणी वर चढलं अन् दोन्ही ओळी घेऊन गेलं.

म्हणून तुले काम सांगतो. त्यांची टिप्पणी काढून टाक, अन् तिच्या जागी या दोन ओळी टाक. तारीख पंधरा मार्च.

प्रेमदास