उगवतीच्या खालच्या अंगाला

गावाकडून,
दि. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चि. शिवकन्या हिला आईचा आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून आधी लिहून टाकला. घ्यायचा का न्हाई ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

अक्षर माझंच आहे. चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढ्यात भागवून राहिले. नरसिंगला लिहायला बसवलं असतं तर तुझ्या भावानं आधी भांडण काढलं असतं आणि मग त्याच्या मनाचं लिहिलं असतं. त्याला या पत्राचं काही ठाऊक न्हाई.

इकडं सगळं ठीक. हळद काढणं चालू झालं, औंदा कंद चांगला पोसला. तांबडी गाय गाभण आहे. फाट्यावरचा निंब रस्त्याच्या कामात तोडला, आता तिथं नुसता खांब आहे. थंडी सरली. तुझे आबा बरे आहेत.

बरे आहेत हे खोटं लिहिलं. खोडणार होते, पण राहू दे. पाच वर्षांनी लिहायला बसलं की माणूस असंच लिहितं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आबा हळदीला पाणी द्यायला गेले आणि बांधावरच पडले. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नांदेडला अठरा दिवस दवाखान्यात होतो. आता घरी आहेत. मी भरवते, मी धुते, मी कूस बदलते. हे तुला ऐकवायला लिहीत न्हाई. म्हणजे थोडं ऐकवायलाच लिहिते.

दवाखान्यात डॉक्टर रोज यायचा आणि म्हणायचा, "बाबा, लेफ्ट हॅण्ड उठाव." आबा ढिम्म. मग सिस्टर म्हणायची, "डावा हात वर करा, आजोबा." तरी ढिम्म. डॉक्टर नरसिंगला म्हणाला, समज गेली, आता यांना काही कळत न्हाई. नरसिंग तिथंच रडायला लागला. मला डॉक्टरचा राग आला. ज्या माणसानं जल्मात डावं-उजवं म्हणलं न्हाई, त्याला डावं-उजवं विचारून समज गेली म्हणतो!

तुला आठवत असंल. ताटात मीठ कुठं वाढलं तर "तुझ्या मावळतीला." सदऱ्याचं बटन तुटलं तर "उगवतीच्या बाहीचं." कयाधू नदी उतरते तिकडं खाल आणि ती येते तिकडून वर. गावात कुणाच्या घराचा पाया आखायचा असला की यांना न्यायचे. हे डोळे मिटून उभे राहायचे आणि उगवतीला हात धरायचे, आणि त्या हाताच्या रेषेत सुतळी ताणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मला घरातला डबा सापडायचा न्हाई.

आणि तुला पण तेच शिकवून ठेवलं. पंधरा ऑगस्टच्या कवायतीत मास्तर "दहिने मूड" म्हणले, सगळी पोरं वळली, आणि तू उगवतीला तोंड करून उभी राहिली. छड्या खाऊन घरी आली. मी तुझ्या मनगटाला काळा दोरा बांधला आणि म्हणलं, हा जेवायचा हात, हा उजवा, आता चुकली तर जेवायला मिळणार न्हाई. तू रडत रडत म्हणाली होती, "आई, मी फिरले की उजवं पण फिरतं. मग ते खरं कसं?"

मी तुला चापट मारली.

तर दवाखान्यात मी म्हणलं, थांब. त्या वॉर्डाला एक खिडकी न्हाई, दिवसरात्र ट्यूबलाइट. मलाच कळंना उगवत कुठं. मी तीन जिने उतरून खाली गेले, सूर्य पाहिला, आणि तोंडानं "असं, मग असं" करत परत वर आले. वाटेतली माणसं हसत होती. येऊन म्हणलं, "ऐकलं का, मावळतीचा हात उचला." त्यांनी डावा हात झटक्यात वर केला. सिस्टरच्या हातातलं पाकीट पडलं.

तेव्हा मला कळलं की यांना सगळं कळतं. हे ध्यानात ठेव, कारण पुढं जे लिहिते ते मी न कळून केलं असं तुला वाटायला नको.

घरी आल्यावर त्यांची बाज ओसरीत टाकली, डोकं दाराकडं, उगवतीला. दुसऱ्याच दिवशी चांगला हात उचलून त्यांनी बोट दाखवलं, उगवतीच्या खालच्या अंगाला. त्या कोपऱ्यात माठ असतो. मी तांब्या भरून पाजला. रोज तेच. दिवसातून चार-पाच वेळा हात उठायचा आणि मी पाणी द्यायचे. बघायला आलेल्या बायांना मी सांगायचे, तहान फार लागते त्यांना. नरसिंगलाही तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं.

संक्रांतीच्या आसपास दारातून गार वारं यायला लागलं म्हणून नरसिंगनं बाज फिरवली आणि माठ उचलून दुसऱ्या बाजूला, माझ्या हाताशी आणून ठेवला. त्या दुपारी आबांनी हात उचलला. माठाकडं न्हाई. हात तोंडावरून ओढून, मेलेल्या खांद्याच्या पलीकडं, मोकळ्या कोपऱ्याकडं नेला. जिकडं आता काहीच नव्हतं तिकडं. एवढा जोर लावला की मान लटपटत होती.

मी माठातलं पाणी आणलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पाणी प्यालं.

शिवे, मला नांदेडातच कळलं होतं. ते हात छातीवरून पलीकडं न्यायचे आणि सिस्टर म्हणायची मेलेला हात चाचपून राहिले. सूर्य पाहून वर आले त्याच दिवशी मी त्या हाताची रेष बघितली. तिथं ती उगवतीला जास्त झुकलेली होती, कारण नांदेडाहून तुझं निजामाबाद उगवतीला पडतं. घरी आल्यावर हात खालच्या अंगाला सरकला, कारण आपल्या गावाहून ते तिकडं पडतं. बारा वर्षं हळद घेऊन त्या बाजारात जाणारा माणूस आहे तो. खिडकी नसलेल्या खोलीत पडून त्याला बराबर ठाऊक होतं तू कुणीकडं आहेस. आणि मी त्याला पाणी पाजलं. अडीच महिने.

काहून केलं ते पण लिहिते, न्हाई तर हे पत्र फाडलेलं बरं.

मला राग आला. पाशी मी बसलेली. घास मी भरवते, घाण मी काढते, आणि हात कुणाकडं? जी एका सकाळी पिशवी घेऊन बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या पोरासंगं निघून गेली तिच्याकडं. मनात म्हणलं, एकदा तरी माझ्याकडं बोट करा. त्यांनी केलं न्हाई. मी तर समोरच होते, समोरच्याला काय बोट दाखवायचं? हे आता कळून राहिलं.

आणि दुसरं. तू लग्नानंतर फोन केला होता तेव्हा मी "आमच्यासाठी तू मेली" म्हणलं, ते तू ऐकलंच. पुढचं तू ऐकलं न्हाई. मी फोन ठेवला तेव्हा आबांचा हात पुढं होता. फोन मागत होते. मी पदरात बांधून ठेवला. तेव्हाही हातच पुढं केला होता त्यांनी. बोलले काही न्हाई, आणि तेव्हा तर वाचा होती.

आता पत्र काहून लिहिलं ते.

मागच्या सोमवारी त्यांनी हात उचलला. मी पाणी दिलं. घोट घेतला आणि परत हात उचलला. मी म्हणलं, "किती ढोसता? नरडं हाय का नाला?" त्यांनी हात हळूच खाली आणला, पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. तेव्हापासून उचलला न्हाई. आठ दिवस झाले. पाणी दिलं तर पितात. भरवलं तर खातात. मावळतीचा हात उचला म्हणलं तरी उचलत न्हाईत. डॉक्टर म्हणतो नाडी चांगली, छाती चांगली. मला ठाऊक आहे काय बंद पडलं ते.

काल मी तांड्यावर गेले. तुझ्या सासूच्या, रूपाबाईच्या दारात उभी राहिले. ती ज्वारी निवडत होती. वर पण बघितलं न्हाई.

"पाटलीणबाई, वाट चुकल्या का?"

"चुकले न्हाई. पत्ता पाहिजे."

"कुणाचा?"

"तुला ठाऊक हाय."

"मला म्हातारीला काय ठाऊक! नाव घ्या."

"शिवकन्याचा," म्हणलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं.

"ती एकटीच राहती का तिथं?"

मी तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई. तिनंही मग ताणलं न्हाई, सूप बाजूला केलं आणि चहा ठेवला. माझ्यापेक्षा ती बाई मोठी आहे.

तिनं मोबाइलमध्ये तुझी लेक दाखवली. दिपा. मला नाव पण ठाऊक नव्हतं. रूपाबाईनं तिला विचारलं होतं, जेवायचा हात कोणता, तर पोरीनं हात वर केला आणि म्हणाली, "कुडी." रूपाबाई हसायला लागली. "तेलंगीत उजव्याला म्हणतात तसं. माझ्यासंगं आमची बोली, बापासंगं हिंदी, गल्लीत तेलंगी आणि तुमच्या लेकीसंगं मराठी. एका हाताला चार नावं हायेत पोरीला."

मी विचारलं, "आणि उगवत-मावळत? ते येतं का?"

"ते तर आधी. तिची आई नव्या खोलीत पाय ठेवला की पोरीला विचारती, उगवत कुठं? पोरगी डोळे मिटती आणि हात धरती."

मी चहा खाली ठेवला.

निघताना मी रूपाबाईला विचारलं, निजामाबाद इथून कोणत्या अंगाला? म्हणाली, आमचे म्हातारे बैलांवर मीठ लादून तिकडंच तर जायचे. आणि तिनं हात लांब केला. टेकडीवरच्या टॉवरच्या उगवतीला, थोडंसं सोडून. घरी येऊन बघितलं. ओसरीच्या त्या मोकळ्या कोपऱ्याला भोक पाडलं तर बराबर तीच जागा दिसंल.

ती म्हणाली, मी फोन करून सांगते सुनेला. मी न्हाई म्हणलं. चूक माझी, तोंड पण माझंच लागंल. तुझा नंबर देऊ केला तोही घेतला न्हाई. फोनवर माझी जीभ माझं ऐकत न्हाई, मागच्या वेळी बघितलंस. लिहिताना खोडता तरी येतं. बघ, कुठं कुठं खोडलंय.

तर तू ये. पत्र मिळालं की निघ. पोरीला घेऊन ये.

येताना मोबाइलमधल्या बाईचं ऐकू नका. नवा रस्ता झाल्यापासून ती सगळ्यांना डावीकडं वळा, डावीकडं वळा म्हणते आणि माणसं भलत्याच शेतात निघतात. मी सांगते ते ऐका. नांदेडाहून वर या. बाळापूर सोडलं की निंबाच्या जागी खांब आहे, तिथं उगवतीला वळा. तुला सांगायला नकोच. पण गाडी तो चालवणार, आणि त्याला आपलं उगवत-मावळत पटकन कळायचं न्हाई. त्याला म्हणावं, खांबापाशी जेवायच्या हाताला वळ, थेट दारात येशील. दार तेच आहे, उगवतीचं.

नरसिंग काय बोलायचं ते बोलंल. मी मधी उभी राहते. रणजीतला सांग, जावयाला ओसरीत बसवून पाणी मी देईन.

आणखी एक आहे, ते लिहून थांबते.

आठ दिवसांपासून रोज ऊन उतरलं की मी बाजेवर बसते आणि आबांचा हात उचलून तिकडं धरते. उगवतीच्या खालच्या अंगाला. हात फार जड लागतो. मला त्यांच्यासारखं जमत न्हाई. कधी टॉवरवर जातो, कधी भलतीकडंच. विचारते, बराबर हाय का? ते डोळे उघडत न्हाईत.

तू येऊन बघ. चुकला असंल तर सरकव.

तोवर मी धरून आहे.

तुझी आई,
चतुरा