व्हर्नाताईच्या डोळ्याचा लेझर

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या ऑर्विलचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. पुढच्या गुरुवारी अ‍ॅस्टोरियाच्या दवाखान्यात तुझ्या डोळ्यातली साय ज्या लेझरने फोडणार आहेत, तो सोमवारी तपासणीला कारखान्यात नेमका माझ्याच टेबलावर आला. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

लेझरच्या एकेका झटक्यात किती जोर आहे ते मोजायला आमच्याकडे मीटर असतो. पूर्वी त्याला बटणं होती. आता वायरीने कॉम्प्युटर जोडून एकेक हुकूम टाइप करावा लागतो. (शाळा मी आठवीत सोडली. स्पेलिंगने मला त्याआधीच सोडलं होतं.) चार हुकूम लिहिले आणि वीस मिनिटं बसून राहिलो. मीटर गप्प, आपले वडील रुसायचे तसा. शेवटी आमची साहेबीण डार्लीन आली.

"आजोबा, प्रत्येक हुकमानंतर एंटर दाबा. नाहीतर त्याला वाटतं, तुमचं बोलणं संपलेलं नाही."

"माझं संपत नाहीच."

"ते अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे," म्हणाली आणि गेली.

मग 'आकडे पाठव' म्हटलं, तर तो प्रत्येक झटक्याचा आकडा पाठवतच सुटला. 'थांब' कसं म्हणायचं ते पुस्तकात सापडेपर्यंत कॉफी गार झाली. त्यात मीटर जळू नये म्हणून त्याच्या तोंडावर काळसर काच लावतात. ती अर्धाच प्रकाश आत सोडते, म्हणून 'काच लावली आहे' असंही कळवायचं, म्हणजे तो दुप्पट करून खरा आकडा सांगतो. तेही कळवलं. एवढं सगळं करून, तू लहानपणी कान पिळून शिकवलंस तसं सगळं बंद करून जेवायला गेलो. परत आलो तर लेझर मरगळलेला दिसला, आकडा निम्माच. म्हणून जोर वाढवून आकडा जागेवर आणला आणि मंगळवारी यंत्र रवाना केलं. तेव्हा तू निर्धास्त जा.

तुझा,
ऑर्विल

ता. क. पोस्टमनसाठी दार उघडायला उठलो, तर सवयीने रेडिओ बंद केला, आणि आठवलं, जेवायला जाताना मीटरही असाच बंद केला होता. मीटर बंद केला की सांगितलेलं सगळं विसरतो. जेवणानंतर काच होती, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. लेझर मरगळला नव्हता, ताई. मी तो दुप्पट केला. गुरुवारी जाऊ नकोस.

ता. क. २. डार्लीनला फोन केला. दवाखान्यात खोका अजून उघडलाच नव्हता, तो परत येतो आहे. मला वाटलं नोकरी गेली. तिने एवढंच विचारलं, "आठवलं कसं, आजोबा?" म्हटलं, ताईला पत्र लिहीत होतो. "मग रोज लिहीत जा," म्हणाली.

ता. क. ३. हे टाकायला निघालो आहे. रेडिओ चालूच ठेवला आहे. रागावू नकोस.