माशांचं औषध

२८ ऑगस्ट ८४
गणपतीत डिपार्टमेंटला कुलूप. पार्ल्याच्या कॉलेजातून प्रयोगासाठी रोहू माशाची बोटाएवढी पिल्लं दोन बादल्यांत घालून दहिसरला घरी आणली. एका बादलीत रोज पाणी बदलून कीटकनाशकाचे थेंब. दुसरीत साधं पाणी, तुलनेला. आईने विचारलं, बाटलीत काय? विष म्हटलं असतं तर बाटली आणि मी, दोघी घराबाहेर. म्हटलं, औषध. शेतावर तरी दुसरं काय म्हणतात?

३० ऑगस्ट
बाबा बादल्यांपाशीच बसून. शेजारच्या काकूंना सांगत होते, "माझा चेडू माशांका औषध देता." एम.एस्सी. त्यांना एवढीच कळली. मला बरं वाटलं. खरं काय ते सांगायला हवं होतं. पण सणाच्या दिवशी कुठे...

३१ ऑगस्ट
जोगेश्वरीला मावशीच्या गणपतीला जाऊन आले. बाबा खुशीत. "गो बाय, ह्या बादलीतले वर येऊन तोंडा उघडीत होते. म्हणान चार थेंब दिलंय. त्येंका तू कधी देणस नाय."
साध्या पाण्याची बादली.
पिल्लांना हवा कमी पडत होती, बस. पाणी नुसतं ढवळलं असतं तरी चाललं असतं. लगेच बदललं, पण व्हायचं ते झालं असणार. बाबांना म्हणाले, बरं केलंत.

४ सप्टें.
कॉलेज उघडलं. पिल्लांची यकृतं काढून तपासली. डब्यातलं तेल हवेने खवट होतं, तशी विषाने जिवंत माशाच्या आतली चरबी खवट होते. जितकी खवट, तितका नळीत गुलाबी रंग. दोन्हीकडच्या नळ्या गुलाबी.
सर म्हणाले, "साध्या पाण्यातले एवढे गुलाबी कसे गं? काय झालं ते नीट सांग, प्रबंधाला मुदत मागून बघतो, म्हणजे याच पावसाळ्यात पुन्हा करशील. नाहीतर नवी पिल्लं आता पुढच्या पावसाळ्यात."
घरून मला हे एकच वर्ष मिळालंय. तरी 'बाबांनी घातलं' हे तोंडातून निघेना. उद्या सांगते म्हणाले.
ती पिल्लं मारायचीच होती. पण निदान कशाला तरी उपयोगी पडावीत.

५ सप्टें.
आज सर भेटलेच नाहीत. सुटल्यासारखं वाटलं, त्याचीही लाज.
जेवताना बाबांनी विचारलं, "बरे झाले मां तुझे मासे?"
आधी यांनाच सांगावं म्हटलं. "बाबा, ते औषध ना..."
त्यांचा घास हातातच. "कमी पडला काय गो?"